इंजिनघरातलं जुनं इंजिन वाचवताना: कोल्हापूर परिसरातल्या नवख्यांसाठी

करवीर, शिरोळ, कागल, हातकणंगले, कुठल्याही तालुक्यात जुन्या विहिरींच्या वाटेने फिरलात तर पडक्या इंजिनघरात बिडाचं एक धूड अजूनही दिसतं. पत्रे उडालेले, टाकी गळकी, चाकावर वेल चढलेली. आधी मोटेनं पाणी उपसलं जायचं, मग ही इंजिनं आली, आणि पुढे विजेची मोटर आल्यावर ती जागच्या जागी थांबली. गुऱ्हाळात चरक बैलांनी फिरायचा, तिथेही इंजिनाचा पट्टा चढला. पिठाची गिरणी, लाकडाची वखार, भाताची गिरण, सगळीकडे हेच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गुळामागे शेतकऱ्याच्या आणि गुळव्याच्या हातांइतकेच या इंजिनांचेही कष्ट आहेत.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीचं तर पोटच या इंजिनांवर वाढलं. बिघडलेलं इंजिन दुरुस्त करता करता सुटे भाग बनवणं, सुटे भाग बनवता बनवता आख्खं इंजिन उभं करणं, आणि त्यातून पुढे आजचा फाउंड्रीचा धंदा, अशी ही वाट आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथे आजही आदराने घेतली जातात ती त्यामुळेच. शेजारी सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, सातारा रोडला कूपरचा कारखाना उभा राहिला, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. इंजिनाचा इतका इतिहास उंबऱ्याशी असलेले प्रदेश देशात थोडेच आहेत. तरी ही इंजिनं रोज किलोच्या भावाने भट्टीत जातात, आणि ते थांबवणं एखाद्या तरुणाला, शिक्षकाला, निवृत्त फिटरला सहज जमण्यासारखं आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही. क्रम मात्र नीट पाळावा लागतो: आधी नोंद, मग इंजिन फिरतं करणं, आणि रंग सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमका उलटा क्रम धरतात आणि इंजिनाचा अर्धा इतिहास पहिल्याच दिवशी घासून टाकतात.

पहिलं इंजिन कोणतं घ्यावं

पहिलं इंजिन साधं घ्या. वाफेचं तर मुळीच नको. त्याबद्दल पुढे बोलू.

आपल्याकडे सर्वात जास्त सापडतं ते पाच हॉर्सपॉवरचं, उभ्या सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन. किर्लोस्करचं एव्ही-१ हा त्याचा ठरलेला नमुना: ८० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ११० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), मिनिटाला १५०० फेरे. नवख्यासाठी हेच उत्तम, कारण याचे लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, नोझल (डिझेल फवारणारं तोंड) मिळतात आणि ते हाताळलेले मेस्त्रीही भेटतात. स्थानिक कारखान्यांनी याच धाटणीची पुष्कळ इंजिनं काढली. प्लेटवर अनोळखी नाव असलेलं असं इंजिन मिळालं तर ते आधी घ्या. मोठ्या कंपन्यांची इंजिनं कोणीतरी जपेल; उद्यमनगरातल्या छोट्या शेडमध्ये ओतलेलं इंजिन आपण जपलं नाही तर कोणीच जपणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे संथ चालीचं, दोन मोठ्या चाकांचं इंजिन. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ साली सीएस नावाचं इंजिन काढलं. त्याचं सहा हॉर्सपॉवरचं रूप मिनिटाला फक्त ६५० फेरे घेतं. मूळ कारखान्यात ते १९८७ पर्यंत बनत होतं आणि राजकोटला तशीच इंजिनं पुढेही बनत राहिली. त्याचा ठोका एकेक मोजता येतो. ऐकायला याच्यासारखं इंजिन नाही, पण वजन तीनेकशे किलो असतं, त्यामुळे हे दुसरं घ्या.

तिसरा प्रकार दुर्मीळ आहे: डोकं तापवून सुरू करायचं इंजिन. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० साली याचं पेटंट घेतलं आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९२ पासून ही इंजिनं बाजारात आणली. सिलिंडरच्या डोक्यावरचा बिडाचा पोकळ गोळा ब्लो लॅम्पने लाल होईपर्यंत तापवायचा, मग तेल आत जाऊन पेट घेतं. असं काही दिसलं तर हात न लावता जाणत्या माणसाला बोलवा. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी छोटी इंजिनंही मिळतात. त्यांत मॅग्नेटोचं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचं) काम असतं, ते वेगळं शास्त्र आहे.

मालक, भाऊबंद आणि पावती

इंजिन सापडतं ते ओळखीतून. गुऱ्हाळवाले, बोअर-मोटर दुरुस्त करणारे, टेम्पोवाले आणि भंगार गोळा करणारे यांना सांगून ठेवा. भंगारवाल्याशी भांडू नका. गावोगाव फिरणारा तोच आहे आणि बिडाच्या भावाला थोडं वर दिलंत तर तो तुम्हाला आधी फोन करेल.

विहीर सामाईक असेल तर इंजिनही बहुधा सामाईक असतं. एका भावाने दिलं आणि दुसऱ्याने पोलिसांत अर्ज केला, असं होऊ नये म्हणून सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांची साधी पावती करा. तीत इंजिनाचा नंबर, कंपनी, कुठून उचललं, किती रक्कम आणि तारीख लिहा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याची आडकाठी आहे, हेही ठाऊक असू द्या. जुनी इंग्लिश इंजिनं मागणारे परदेशी गिऱ्हाईक कधीमधी निघतात.

हलवण्याआधी दोन तास बसा

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंजिन जागेवरून हललं की त्याच्याभोवतीची माहिती सांडायला लागते, ती पुन्हा गोळा होत नाही.

आधी फोटो काढा: चारही बाजू, फाउंडेशन, पाण्याची टाकी, पट्ट्याची दिशा, पंप किंवा चरक. प्लेट ओल्या फडक्याने हळू पुसा आणि नंबर, हॉर्सपॉवर, फेरे लिहून घ्या. प्लेट गेली असेल तर बिडात ओतलेली अक्षरं शोधा. चाकाच्या आरीवर, बॉडीच्या दारावर, हेडच्या (सिलिंडरच्या डोक्याच्या) बाजूला ती असतात. इंजिनाची पुली आणि चालवल्या जाणाऱ्या यंत्राची पुली, दोन्हींचे व्यास मोजा. त्यावरून इंजिन खरोखर किती वेगाने काम करत होतं ते काढता येतं.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा. "आबा, हे कुठनं आणलंसा? तवा विहिरीवर मोट होती का? हँडल कोण मारायचं? बिघडलं तर मेस्त्री कुठला यायचा?" मोबाइलवर आवाज टिपून घ्या, अर्थात त्यांना विचारून. अशा बोलण्यातून कळतं की इंजिनासाठी घरातलं सोनं मोडलं होतं, किंवा एकाच इंजिनावर दिवसा पाणी आणि रात्री चरक चालायचा. या गोष्टी कुठल्याही कॅटलॉगात नसतात. आणि घरातल्या बाईमाणसांनाही विचारा. कित्येक मळ्यांत पुरुष पाण्याच्या पाटावर असायचा आणि इंजिनाकडे लक्ष घरच्या बाईचं असायचं. आवाज बदलला की तिला आधी कळायचं.

घरी एक वही करा. प्रत्येक इंजिनाला क्रमांक द्या, तोच क्रमांक पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून इंजिनाला तारेने बांधा, आणि वर सांगितलेलं सगळं त्या पानावर उतरवा.

उचलणं

डिझेल, तेल आणि पाणी काढून टाका. उचलायचं ते बेसला किंवा बॉडीला दोर घालून. चाकाला किंवा क्रँकच्या टोकाला साखळी बांधून कधीच नाही. चेन ब्लॉक आणि भक्कम तिवई असली तर तीन माणसांत काम होतं. चाक काढावंच लागलं तर त्याची चावी (चाक दांड्यावर घट्ट धरणारी लोखंडी खीळ) बाहेर ओढायची. चाकाच्या काठावर घण घालू नका. बीड वाकत नाही, तडकतं. आणि बिडाला साधा वेल्डिंग रॉड धरत नाही. निकेलचा रॉड, आधी तापवणं, नंतर सावकाश थंड होऊ देणं, असं सगळं सोपस्काराने करावं लागतं. डावी-उजवी चावी वेगळी बांधून चिठ्ठी लावा. टेम्पोत इंजिन उभंच ठेवा आणि चारी बाजूंनी आवळा.

हँडल मारायचा मोह आवरा

इंजिन अंगणात आलं की घरातला प्रत्येक जण "एकदा फिरवून बघू" म्हणतो. नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पाणी असतं, गंज असतो, गांधीलमाशीचं घर असतं, उंदराने सायलेन्सरमधून नेलेली चिपाडं असतात.

बॉडीचं बाजूचं दार उघडून टॉर्च टाका. तळाचा प्लग सोडा. तेलाखाली पाणी साठतं, त्यामुळे आधी पाणी निघालं तर समजा की बेअरिंगं तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. हाताला लागणारा गाळ बोटांत चोळून बघा. चकाकणारे पिवळे किंवा पांढरे कण दिसले तर बुश किंवा बेअरिंग झिजलेलं आहे.

आता नोझल काढा आणि त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल निम्मं-निम्मं मिसळून ओता. आठवडाभर तसंच राहू द्या, मधे थोडं थोडं घालत राहा. मग चाक हाताने पुढे-मागे, पुढे-मागे हलवा. अर्धा इंच हललं तरी पुरे. रोज थोडं वाढतं. नाहीच हललं तर हेड उतरवा आणि पिस्टनवर सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका. लोखंडी पहार थेट पिस्टनवर नको. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन लगेच दबतो. जोर कमी आणि दिवस जास्त, असंच हे काम होतं. ज्यांना एका रविवारी उरकायचं असतं त्यांच्या हातून कनेक्टिंग रॉड वाकतो.

फिरायला लागलं की खोलून बघा. लायनरला वरच्या टोकाशी, जिथे रिंगा फिरतात तिथे, नख अडकेल अशी पायरी तयार झाली असेल तर उद्यमनगरात बोअर मोजून घ्या. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने हाताने लॅप करायला, म्हणजे घासून जागेवर नीट बसवायला, शिका. हे काम एका दुपारी येतं आणि आयुष्यभर पुरतं. पाण्याच्या जॅकेटकडे (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीकडे) मात्र कुणाचं लक्ष नसतं. आपल्याकडे बहुतेक इंजिनं पंपाच्याच पाण्यातून बारीक पाइप काढून थंड केली जायची, त्यामुळे नदीचा गाळ जॅकेटमध्ये बसून दगडासारखा घट्ट होतो. बाहेरून सगळं सुरेख दिसतं आणि इंजिन वीस मिनिटांत तापतं. जॅकेटची प्लेट उघडून तारेने आणि पाण्याच्या दाबाने तो गाळ पूर्ण काढा.

साफसफाई, आणि रंगाबद्दल

रॉकेल किंवा डिझेल, जुना ब्रश, लाकडाची पट्टी, पितळी तारेचा ब्रश. एवढंच. वाळूचा मारा करणाऱ्याकडे इंजिन नेऊ नका. वाळू बेअरिंगात शिरते आणि बिडाचा मूळ पोत जातो. कॉस्टिक सोड्याच्या हौदात हेड बुडवतात, पण अ‍ॅल्युमिनियमचा एकही तुकडा त्यात गेला तर तो खाऊन जातो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या पॅकिंगमध्ये, सायलेन्सरला गुंडाळलेल्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस. दोन्ही कोरडं घासायचं नाही. ओलं करा, तोंडाला चांगला मास्क लावा, निघालेलं पिशवीत बांधा, लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. टाकीवर पेंटरने काढलेलं "श्री अंबाबाई प्रसन्न" किंवा "बिरदेव प्रसन्न", खाली मालकाचं नाव आणि साल, हे इंजिनाच्या नंबरइतकंच मोलाचं आहे. खंडेनवमीला वर्षानुवर्षं लावलेल्या हळदी-कुंकवाचे थर चाकाच्या चावीपाशी साचलेले असतात, तेही राहू द्या. मऊ फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात दिला की जुना रंग पुन्हा खुलतो. नवा चकचकीत हिरवा रंग कुठल्याही इंजिनाला कधीही देता येतो; मूळ रंग एकदा घासला की संपला. गंजाने पत्रा खाल्ला असेल तिथेच रंगाचा विचार करा, आणि तोही शेजारच्या मूळ रंगाशी जुळवून.

डिझेलची बाजू

टाकीचा तळ स्वच्छ करा, फिल्टर नवा घाला, पाइप फुंकून घ्या. फ्युएल पंप आणि नोझल जाणकाराकडून टेस्ट करून घ्या. पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचं बॅरल (नळी) ही घासून जुळवलेली जोडी असते. दोन पंपांचे भाग एकत्र झाले तर दोन्ही वाया जातात. नोझलमधून डिझेल धुक्यासारखं फुटलं पाहिजे, थेंब ओघळता कामा नये.

इथे एक धोका स्पष्ट सांगतो. या इंजिनांत नोझल साधारण २०० बार दाबाला उघडतं. त्या फवाऱ्यासमोर हात गेला तर डिझेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात जाऊ शकतो. असं झालं तर हळद लावून घरी न बसता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा, आणि दाबाने डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

शेवटी एअर काढा: टाकीकडून पंपाकडे एकेक नट ढिला करत, बुडबुडे थांबेपर्यंत.

आधी बंद कसं करायचं ते ठरवा, मग सुरू करा

बराच काळ पडलेल्या इंजिनात पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) चिकटलेली असते. ती पूर्ण डिझेलच्या जागी अडकली असेल तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं आणि गव्हर्नरला (वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेला) ते आवरत नाही. म्हणून सुरू करण्याआधी रॅक बोटाने पूर्ण बंद होते आणि सोडल्यावर मोकळी परत येते, याची खात्री करा. शिवाय हवेच्या तोंडावर बसेल अशी, खाली रबर लावलेली फळी हाताशी ठेवा. बॉडीत तेल जास्त भरलं तर इंजिन स्वतःचं तेल ओढून डिझेलशिवायही पळू शकतं. तेव्हा हवा बंद करणं हा एकच खात्रीचा उपाय असतो. तळहाताने तोंड बंद करायला जाऊ नका.

हे इतकं का सांगतो? दोन फुटी चाक मिनिटाला ६५० फेरे घेतं तेव्हा त्याचा काठ ताशी सत्तर किलोमीटरहून जास्त वेगाने जात असतो. वेग दुप्पट झाला तर काठावरचा ताण चौपट होतो. बिडाचं चाक असं फुटतं की तुकडे भिंत फोडून जातात. त्यामुळे गव्हर्नरची स्प्रिंग ताणून "जरा पळवून दाखव" म्हणणाऱ्याला तिथून लांब करा. चाकाच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, तुम्हीसुद्धा.

तेल बुकात सांगितलेल्या ग्रेडचं भरा. पाणी भरा. सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना ते बघा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. लुंगी, सैल ओढणी, मफलर, हातातलं कडं, सगळं काढून ठेवा.

डिकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलिंडरमधला दाब सोडणारी) उचललेली ठेवून हँडल फिरवा. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती आवळायचा नाही; इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून गेलं पाहिजे. आधी दहा-पंधरा फेरे नुसते, म्हणजे तेल वर चढेल. नोझलचा "कर्र, कर्र" असा बारीक आवाज आला की डिझेल पोचलं. मग वेग वाढवा आणि जोडीदाराला लिव्हर टाकायला सांगा. पहिला ठोका पडला की हँडल सरळ बाहेर ओढून घ्या. लिस्टरच्या जुन्या सीएस इंजिनांत हेडवर एक छोटं हातचाक असतं. सुरू करताना ते आत आवळलेलं ठेवायचं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं.

पहिल्या वेळी पाचच मिनिटं, लोडशिवाय. तेल फिरतंय का, पाणी कोमट होतंय का, बेअरिंगपाशी हात ठेवता येतो का, एवढं बघून बंद करा. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळा. पांढरा धूर गरम होईपर्यंत चालेल, निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

वाफेबद्दल

शाहू मिलची चिमणी आणि भोंगा कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मिलची पायाभरणी केली, आणि त्याआधी १८९१ पासून मिरजेहून कोल्हापूरला वाफेची रेल्वे येऊ लागली होती. त्यामुळे वाफेचं इंजिन आपल्याकडेही असावं असं वाटणं साहजिक आहे. मिळालं तर जरूर वाचवा. पण बॉयलर पेटवण्याचा विचार नवख्याने करू नये.

एक लिटर पाण्याची उघड्यावर सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. बॉयलरमधलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं असतं. पत्रा फाटला की त्यातलं बरंच पाणी एका क्षणात वाफ होतं. जुन्या बॉयलरचा पत्रा आतून किती खाल्ला आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच १९२३ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवणं हा गुन्हा आहे. राज्यात हे काम बाष्पके संचालनालय बघतं.

वाफेचं इंजिन फिरताना दाखवायचं असेल तर ते कॉम्प्रेसरच्या हवेवर, अगदी कमी दाबाला, संथ फिरवता येतं. सिलिंडर आणि झडपेला आधी तेल द्या, कारण कोरड्या हवेत ती लगेच खरवडतात. हवा साठवायला तपासलेली टाकीच वापरा. जुना बॉयलर त्यासाठी जोडणं हे पेटवण्याइतकंच घातक आहे.

पावसाळा आणि पूर

मृग निघायच्या आत उघड्या धातूवर ग्रीसचा हात फिरवा. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि कोरड्या उन्हाळ्यात आला नसता इतका गंज एका महिन्यात येतो. वर पत्रा आणि चहूबाजूंनी वारा, हे उत्तम. इंजिन थांबवून ठेवताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी पिस्टन ठेवा, म्हणजे ओली हवा सिलिंडरमध्ये जात नाही. डिझेलची टाकी काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. महिन्यातून एकदा गरम होईपर्यंत चालवा. पाच मिनिटं चालवून बंद करण्यापेक्षा न चालवलेलं बरं, कारण थंड इंजिनात पाणी धरतं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी जिथवर आलं ती रेघ तुमच्या गावात कुठेतरी आहेच. शेडचा कट्टा तिच्यावर घ्या. तरीही इंजिन बुडालं तर पाणी ओसरल्यावर फिरवून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि रॉड वाकतो. नोझल काढा, तळाचा प्लग सोडा, हवेचं आणि सायलेन्सरचं तोंड उघडा, स्वच्छ पाण्याने गाळ धुवा आणि लगेच डिझेलने आतून-बाहेरून धुऊन काढा. दोन दिवसांत हे झालं तर इंजिन वाचतं. पुराचा गाळ पॉलिश पेपरसारखा असतो, तो आत ठेवून दिलेला प्रत्येक फेरा बेअरिंग खातो.

लोकांना दाखवताना

चार-पाच इंजिनं झाली की लोक बघायला येतात, आणि यायलाच हवेत. खंडेनवमीचा दिवस यासाठी छान. यंत्रांची पूजा त्या दिवशी घरोघरी आणि कारखान्याकारखान्यात होतेच. इंजिनाच्या मूळ मालकाच्या कुटुंबाला बोलवा, पहिला नारळ आणि पहिलं हँडल त्यांना द्या. वहीत लिहिलेली माहिती मोठ्या अक्षरात छापून इंजिनाशेजारी लावा: गाव, विहीर, चालवणारी माणसं, मेस्त्री.

चाक आणि पट्ट्याभोवती जाळी बसवा. जाळीबाहेर हातभर अंतर सोडून दोर बांधा, आणि चाकाच्या रेषेची दोन्ही टोकं पूर्ण मोकळी ठेवा. पट्टा चालू असताना तो कोणी ओलांडायचा नाही, त्यावर राळ टाकायची नाही. एका वेळी एकच इंजिन चालवा. त्याच्या रॅकपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाने त्या वेळात दुसरं काही करू नये, फोटो काढू नये, पाहुण्यांशी बोलू नये. माहिती सांगायला वेगळा माणूस ठेवा. बंद करताना आधी लोड उतरवा, दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या, मग रॅक ओढा. थंड झालं की पाणी सोडा, पट्टा उतरवा आणि किती वेळ चाललं ते वहीत लिहा.